टोल्युइन किती चालतं? मर्यादा समजून घेण्यापासून मोजून आटोक्यात आणेपर्यंत

टोल्युइन हा भराभर उडणारा द्रावक वापरणाऱ्या बहुतेक कारखान्यांच्या फाइलमध्ये हवेच्या तपासणीचा एक अहवाल असतो. शॉपच्या मधोमध स्टँडवर ठेवलेल्या पंपाने घेतलेला एक आकडा, शेजारी मर्यादेचा आकडा आणि खाली ‘मर्यादेत’ असा शेरा. आकडा खरा असतो, पण तो त्या स्टँडचा असतो. ज्या हेल्परने दिवसभर बॅरलवर वाकून गोंद ढवळला किंवा सुट्टीआधी रोलर पुसले, त्याच्या नाकाशी काय होतं हे त्यावरून कळत नाही. मर्यादा असते ती माणसाच्या श्वासाला आणि त्या श्वासाच्या वेळेला. हे धरून मोजणी केली तर पुढचं सगळं सोपं जातं. हे सुटलं, तर कितीही महागडी तपासणी करा, ती फाइलचं वजन वाढवते.

हा लेख सेफ्टी ऑफिसरसाठी आहे, तसाच सेफ्टी ऑफिसर नसलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या युनिटच्या मालकासाठी, सुपरवायझरसाठी आणि कामगार प्रतिनिधीसाठीही. रंग, थिनर, रबराचा गोंद, चिकटपट्टी, रेग्झिन, चपला-बुटांचं काम, औषधांची बल्क निर्मिती, जिथे जिथे टोल्युइन आहे तिथे ही रीत चालेल. उदाहरणाला मी चिकटपट्टी बनवणारी कोटिंग लाइन घेतली आहे, कारण तिथे टोल्युइन उघड्यावर येण्याच्या सगळ्या जागा एका छपराखाली सापडतात.

आधी ड्रमवर काय लिहिलंय ते बघा

‘थिनर’ हे रसायनाचं नाव नव्हे. त्यात टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन, मिथेनॉल, एस्टर यांतलं काहीही, कुठल्याही प्रमाणात असू शकतं आणि पुरवठादार भावाप्रमाणे प्रमाण बदलतो. म्हणून पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागा आणि दोनच भाग नीट वाचा: तिसरा, म्हणजे घटक आणि त्यांची टक्केवारी, आणि आठवा, म्हणजे मर्यादा आणि बचावाची साधनं. ‘मिश्र हायड्रोकार्बन, १०० टक्के’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ती शीट परत पाठवा. आठव्या भागात फक्त अमेरिकेचा २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) दिसला तर समजा, कुणीतरी परदेशी शीट उचलून चिकटवली आहे.

टोल्युइनमध्ये बेंझिन किती, हेही त्याच वेळी विचारा. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, आणि स्वस्त, कमी शुद्धतेच्या मालात ते अंशरूपाने राहतं. कारखाने अधिनियमाच्या जुन्या छापील प्रतींत बेंझिनची मर्यादा १० पीपीएम दिसते. नंतरच्या दुरुस्तीने ती ०.५ पीपीएमवर आली. कुणी जुनं पुस्तक समोर धरलं तर हा फरक लक्षात ठेवा.

टोल्युइनबद्दल एवढं माहीत हवं: उकळबिंदू सुमारे ११०.६ अंश सेल्सिअस, फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ठिणगीने पेट घेणारं. रेणुभार ९२.१४. त्यामुळे २५ अंशांना १ पीपीएम म्हणजे घनमीटरला ३.७७ मिलिग्रॅम. हा ३.७७ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना तोच लागतो.

कुठली मर्यादा धरायची?

एकाच रसायनाला इतके आकडे का, हा प्रश्न नेहमी येतो. पीपीएममधले हे आकडे बघा:

- भारत, कारखाने अधिनियम १९४८ ची दुसरी अनुसूची: आठ तासांची सरासरी १००, पंधरा मिनिटांची मर्यादा १५०
- अमेरिकेची ओशा ही कामगार-सुरक्षेची सरकारी यंत्रणा: आठ तासांची सरासरी २००, कमाल ३००, आणि दहा मिनिटांपुरतं शिखर ५००
- अमेरिकेची नायोश ही त्याच विषयातली सरकारी संशोधन संस्था: सरासरी १००, अल्पकाळ १५०
- युरोपीय संघ: सरासरी ५०, अल्पकाळ १००, सोबत ‘त्वचेतून शिरतं’ असा शेरा
- एसीजीआयएच ही औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची अमेरिकन संघटना: सरासरी २०

ओशाचा २०० हा दशकांपूर्वीच्या माहितीवर उभा आहे आणि कायदेशीर अडचणींमुळे तसाच राहिला आहे. एसीजीआयएचच्या २० च्या मागे रंग ओळखण्याची दृष्टी बिघडणं आणि गर्भपाताचा धोका ही कारणं आहेत. म्हणजे १०० आणि २० यांच्यामध्ये असलेला माणूस कायद्याने ‘मर्यादेत’ असतो, पण त्याला काही होणार नाही असं कुणी म्हणत नाही. माझा सल्ला असा: कायद्याचं पालन १०० आणि १५० वर तपासा, पण स्वतःचं उद्दिष्ट ५० च्या खाली ठेवा. आणि ज्या जागी गरोदर किंवा मूल हवं असणारी बाई काम करते, तिथे २० च्या वर समाधान मानू नका.

दुसऱ्या अनुसूचीची एक तळटीप लोक वाचत नाहीत. पंधरा मिनिटांची मर्यादा दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा गाठायची नाही आणि दोन वेळांमध्ये किमान तासभर अंतर हवं. दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं रोलर पुसणारा माणूस या तळटिपेत बसतच नाही.

कायद्याच्या बाजूने आता एक बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता २०२० लागू झाली. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात आलेल्या तक्त्यासारखा आकड्यांचा तक्ता संहितेला जोडलेला नाही. मर्यादा राज्य सरकारने नियमांतून ठरवायच्या आहेत. तेव्हा महाराष्ट्रात असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागीय कार्यालयातून सध्या लागू असलेला तक्ता लेखी मागून घ्या. खालची गणितं मी दुसऱ्या अनुसूचीच्या आकड्यांवर केली आहेत. आकडा बदलला तरी रीत बदलत नाही.

दिवस कागदावर मांडा

मोजणीला बोलावण्याआधी एक दिवस फक्त बघा. वही घ्या आणि प्रत्येक कामगाराचा दिवस तुकड्यांत लिहा: कुठे, काय, किती मिनिटं, झाकण उघडं की बंद, जवळ पंखा कुठल्या दिशेला. कोटिंग लाइनवर साधारण चार जागा निघतात. गोंदाचा घोळ तयार करणं, कोटिंग हेडजवळ, म्हणजे पट्टीवर गोंद चढतो तिथे, उभं राहणं, ओव्हनच्या तोंडाशी आणि सांध्यांशी होणारी गळती, आणि शेवटी रोलर व ट्रे धुणं. यांतली शेवटची जागा जवळजवळ नेहमीच सर्वांत वाईट असते. धुणं हे ‘काम’ म्हणून कुणी मोजत नाही, सुट्टीच्या घाईत होतं आणि ते ठेकेदाराच्या सर्वांत नव्या माणसाकडे जातं.

मग सारख्या कामाची माणसं एका गटात टाका. एका गटातल्या कुणाहीकडून नमुना घेतला तरी तो गटाला लागू पडला पाहिजे. ऑपरेटर आणि हेल्पर एकाच मशिनवर असले तरी एक गट नाहीत, कारण पुसायला वाकतो तो हेल्पर.

वासावर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंनी. टोल्युइनचा वास मर्यादेच्या बराच खाली, काही पीपीएमलाच येतो, म्हणून बाहेरून आलेला माणूस घाबरतो. आत असणाऱ्याचं नाक मात्र थोड्या वेळात सरावतं, आणि ‘आता वास येत नाही, हवा सुटली’ असं तोच सांगतो.

मोजायचं कशाने?

आधी जे चालत नाही ते. स्फोटाचा धोका दाखवणारा गॅस मीटर, ज्याला सगळे एलईएल मीटर म्हणतात, तो या कामाचा नाही. टोल्युइनची पेट घेण्याची खालची पातळी हवेच्या साधारण १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. मीटरवरचा १ टक्का म्हणजे ११० पीपीएम. मीटर शून्य दाखवत असताना माणूस कायद्याच्या मर्यादेवर असू शकतो. आणि १० टक्क्यांना अलार्म वाजतो तेव्हा हवेत ११०० पीपीएम असतं. नायोशने जीवाला तत्काळ धोका म्हणून धरलेली पातळी ५०० आहे. तिच्या दुपटीहून वर गेल्यावर हा अलार्म वाजतो! आग टाळायला तो मीटर हवाच, पण ‘मीटर शून्य आहे, जा आत’ हे वाक्य कारखान्यातून हद्दपार करा.

पीआयडी म्हणजे फोटो-आयनायझेशन मीटर हा वाईट जागा शोधायला उत्तम. १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा असलेल्या मीटरला टोल्युइन छान दिसतं. फक्त तो आयसोब्युटिलीन या दुसऱ्या वायूवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि टोल्युइनसाठी गुणक साधारण ०.५ आहे. स्क्रीनवर १०० आलं तर टोल्युइन सुमारे ५०. गुणक आधीच मीटरमध्ये घातलाय का, हे उपकरणाच्या पुस्तिकेत तपासा, नाहीतर दोनदा निम्मं होईल. हवेत झायलिन-ॲसिटोन मिसळलेलं असेल तर हा आकडा सगळ्यांचा मिळून येतो. तो दिशा दाखवायला घ्या, निकाल द्यायला नको.

निकालासाठी कोळशाची नळी. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा भरलेली छोटी काचनळी कामगाराच्या कॉलरला, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत लावायची. कमरेला छोटा पंप. नंतर प्रयोगशाळेत कोळशातलं टोल्युइन कार्बन डायसल्फाइडने सोडवून गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजतात. नायोशची १५०१ क्रमांकाची पद्धत हीच. कोटेशन मागताना हा क्रमांक, ‘व्यक्तिगत नमुना’ हे शब्द आणि प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता टोल्युइनच्या या चाचणीसाठीच आहे का, हे तिन्ही लिहून विचारा. एनएबीएलचा शिक्का पाण्याच्या तपासणीसाठीही असू शकतो.

नमुना घेताना हमखास बिघडतात त्या गोष्टी अशा.

प्रवाह. या नळीत टोल्युइनसाठी सुमारे ८ लिटरपर्यंतच हवा घ्यायची. मिनिटाला ०.२ लिटरने पंप चालवला तर ४० मिनिटांत नळी भरली. तीच नळी अख्खी शिफ्ट ठेवली तर टोल्युइन कोळशातून निसटून जातं आणि आकडा खोटा, कमी येतो. पूर्ण शिफ्टसाठी मिनिटाला ०.०२ लिटर ठेवा, ४०० मिनिटांत ८ लिटर होतात. नाहीतर नळ्या बदलत राहा. कोळशाचे दोन भाग असतात. मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त टोल्युइन सापडलं तर नमुना निसटला, तो रद्द. अहवालात दोन्ही भागांचे आकडे वेगळे मागा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने कोळशाची ताकद कमी होते, तेव्हा आणखी कमी हवा घ्या.

पंप. प्रवाह नळी जोडलेली असतानाच मोजायचा, सुरुवातीला आणि शेवटी. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुना पुन्हा. पंप ज्वलनशील हवेत चालणारा, म्हणजे अंतर्गत सुरक्षित प्रमाणपत्राचा हवा. साधा पंप कोटिंग हेडजवळ नेणं हाच अपघात.

कोरी नळी. प्रत्येक मोजणीत एक-दोन नळ्या फोडून लगेच बंद करून तशाच पाठवायच्या. त्यांत टोल्युइन निघालं तर गडबड प्रवासात किंवा प्रयोगशाळेत आहे.

पंप नको असेल तर छातीला लावायचा पॅसिव्ह बॅज चालतो. लावल्याची आणि काढल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहायची आणि काढताच घट्ट बंद करायचा. कामगारांना तो पंपापेक्षा कमी जाचक वाटतो, आणि पंप लावला की माणसं जपून काम करतात ही भानगडही थोडी कमी होते.

किती नमुने? एका दिवसाचा एक नमुना म्हणजे नशीब. युरोपीय मानक ईएन ६८९ ची कसोटी साधी आहे. एका गटाचे तीन नमुने तिन्ही मर्यादेच्या १० टक्क्यांखाली, किंवा चार नमुने १५ टक्क्यांखाली, किंवा पाच नमुने २० टक्क्यांखाली असतील तर गट सुरक्षित धरा. त्याच्या वर असाल तर आणखी नमुने आणि आकडेवारीचं गणित लागतं. कठोर वाटेल, पण एकाच माणसाचा आकडा दिवसागणिक दुप्पट-तिप्पट हलतो. ७० वर आलेला एकच नमुना बघून ‘१०० च्या खाली’ म्हणणं म्हणजे पाऊस नसलेल्या दिवशी छपराची परीक्षा घेणं.

अहवाल हातात आल्यावर

समजा प्रयोगशाळेने लिहिलं: नळीत २.४ मिलिग्रॅम टोल्युइन, हवा ८ लिटर. ८ लिटर म्हणजे ०.००८ घनमीटर. २.४ ला ०.००८ ने भागलं, ३०० मिलिग्रॅम दर घनमीटर. त्याला ३.७७ ने भागलं, साधारण ८० पीपीएम. हे गणित स्वतः करून बघा, अहवालांत एककांची चूक नवलाईची नाही.

आता हेल्परचा अख्खा दिवस. आकडे मानलेले आहेत, पण रचना नेहमीची:

- घोळ तयार करणं, अर्धा तास, १६० पीपीएम
- कोटिंग हेडजवळ, ५ तास, ४५ पीपीएम
- रोलर आणि ट्रे धुणं, पाऊण तास, २४० पीपीएम
- पॅकिंगची मदत, सव्वा तास, १५ पीपीएम
- जेवण बाहेर, अर्धा तास, शून्य

प्रत्येक तुकड्यात तास गुणिले पीपीएम: ८०, २२५, १८०, १८.७५ आणि ०. बेरीज ५०३.७५. आठने भागली तर ६३ पीपीएम. १०० च्या खाली, म्हणून कागदावर पास. पण घोळ करताना आणि धुताना पंधरा मिनिटांची १५० ची मर्यादा ओलांडली गेली आहे, म्हणजे हा माणूस नापास आहे. पूर्ण शिफ्टची एकच नळी लावली असती तर हे दिसलंच नसतं. म्हणून वाईट कामासाठी पंधरा मिनिटांची वेगळी नळी हवीच. ही एवढी एक ओळ कोटेशनमध्ये घालून घेतलीत तरी अर्धं काम झालं.

आणि शिफ्ट बारा तासांची असेल तर? एमआयडीसीत ही गोष्ट सर्रास आहे. आठ तासांची मर्यादा गृहीत धरते की उरलेले सोळा तास शरीर टोल्युइन बाहेर टाकतंय. बारा तास काम केलं तर आत जास्त येतं आणि बाहेर जायला वेळ कमी मिळतो. ब्रीफ आणि स्काला यांचं सूत्र वापरतात: ८ ला कामाच्या तासांनी भागा, २४ मधून कामाचे तास वजा करून त्याला १६ ने भागा, दोन्हींचा गुणाकार करा. बारा तासांसाठी ८/१२ गुणिले १२/१६, उत्तर ०.५. म्हणजे १०० ची मर्यादा ५० झाली. आपल्या हेल्परने पुढचे चार तासही कोटिंग हेडजवळ ४५ वर काढले तर बेरीज ६८३.७५, बारा तासांची सरासरी ५७. मर्यादा ५०. ओलांडली. बाराने भागून ५७ आणि त्याची तुलना १०० शी, अशी चलाखी अहवालात दिसली तर तिथेच बोट ठेवा.

मिश्रणाचंही गणित असंच सुटून जातं. टोल्युइन आणि झायलिन दोन्ही मेंदूवर सारखाच परिणाम करतात, म्हणून त्यांची बेरीज करायची. झायलिनचीही मर्यादा १००. टोल्युइन ६३ आणि झायलिन ४५ असेल तर ०.६३ अधिक ०.४५, म्हणजे १.०८. एकाच्या वर गेलं की मर्यादा ओलांडली, दोन्ही आकडे एकेकटे पास असले तरी.

कमी कसं करायचं

मास्कवर उडी मारू नका. आधी झाकणं. घोळाच्या बॅरलला ढवळणीच्या दांड्यापुरतं भोक असलेलं झाकण, धुण्याच्या ट्रेला बिजागरीचं झाकण, वापरलेल्या चिंध्यांना पायाने उघडणारा झाकणाचा धातूचा डबा. खर्च किरकोळ, फरक मोठा. टोल्युइन बादलीने न ओतता पंपाने सोडा, आणि सोडताना ड्रम आणि भांडं दोन्हींना अर्थिंग व एकमेकांना बाँडिंग, म्हणजे तारेची जोडणी, हवं. हा द्रव स्थिर विजेचा भार धरून ठेवतो.

बदल करता आला तर उत्तमच. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या छपाईत हा प्रश्न कायद्यानेच सुटला आहे: आयएस १५४९५ या मानकाच्या २०२० च्या आवृत्तीने अशा शाईत टोल्युइन वर्ज्य केलं. गोंदात पाण्यावर आधारलेले पर्याय आहेत, वाळायला वेळ घेतात. पण ‘टोल्युइन-फ्री’ असं छापलेला डबा आनंदाने घेण्याआधी त्यात एन-हेक्झेन तर नाही ना, हे बघा. हेक्झेनने हातापायांच्या नसा जातात, बधिरपणापासून सुरुवात होऊन माणसाला चालणं अवघड होतं. एसीजीआयएचने त्याची मर्यादा ५० ठेवली आहे. नुसतं लेबल बदलून आजार बदलण्यात अर्थ नाही.

मग हवा. एक लिटर टोल्युइन म्हणजे ८६७ ग्रॅम. ते पूर्ण उडालं तर सुमारे २३० लिटर वाफ होते. ती १०० पीपीएमपर्यंत पातळ करायला २,३०० घनमीटर ताजी हवा लागते, तीही परिपूर्ण मिसळली तर. प्रत्यक्षात मिसळण कधीच तशी नसते, म्हणून ३ ते १० च्या गुणकाने वाढवतात. ५ धरला तर ताशी एक लिटर उडणाऱ्या शॉपला ताशी ११,५०० घनमीटर. २० पीपीएम हवं असेल तर याच्या पाचपट. भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे बसवून हे होत नाही, हे या आकड्यांवरून मालकाला पटतं. वादावादीपेक्षा हे गणित जास्त काम करतं.

म्हणून वाफ जिथे निघते तिथेच ओढायची. उघड्या पृष्ठभागावरून शांतपणे उडणाऱ्या वाफेला पकडायला त्या जागी सेकंदाला ०.२५ ते ०.५ मीटर वेग पुरतो. अडचण अंतराची असते. वाफ ओढून घेणाऱ्या हुडच्या तोंडापासून त्याच्या एक व्यासाइतकं दूर गेलं की वेग तोंडावरच्या सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. एक फुटाचा हुड तीन फुटांवर टांगला तर तो शोभेचा. हुड बाजूला किंवा मागे हवा, माणसाच्या डोक्यावर नको. वर असला तर वाफ त्याच्या नाकावरूनच वर जाते. हवा खरंच ओढली जाते का, हे पातळ कागदाच्या पट्टीने किंवा धुराच्या चाचणी-नळीने बघा. उदबत्ती पेटवून बघायची कल्पना सुचली तर फ्लॅश पॉइंट आठवा.

‘टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, म्हणून एक्झॉस्ट जमिनीलगत’ हा सल्ला अर्धाच खरा. शुद्ध वाफ जड असते, म्हणून खड्डे, गटारं आणि टाकीचा तळ धोक्याचे. पण १०० पीपीएमचं मिश्रण वजनाने हवेसारखंच असतं आणि पंख्याच्या झोताबरोबर कुठेही जातं. शॉपमधला पेडेस्टल पंखा हा तर वेगळाच उपद्रव: हुडची ओढ मोडतो आणि धुणाऱ्याची वाफ पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांकडे नेतो. उकाड्यात पंखा बंद करा म्हणणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा ताजी हवा माणसाच्या पाठीमागून येईल आणि हुडकडे जाईल अशी त्याची जागा बदला.

मास्क आणि हातमोजे

रुमाल, कापडी मास्क, एन-९५ हे धुळीसाठी. वाफ त्यांतून सरळ जाते. सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा रबरी हाफ मास्क लागतो, युरोपीय रंगसंकेतात तपकिरी पट्ट्याचा. नीट बसला तर तो आतली पातळी दहापट कमी करतो. दाढी, अगदी दोन दिवसांचे खुंटही, त्याची कड उचलतात. कार्ट्रिज कधी बदलायचं याचं वेळापत्रक ठेवा, वास येईपर्यंत थांबू नका. आणि ते शॉपमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं तर रात्रभर टोल्युइन पीत राहतं, हवाबंद पिशवीत घाला.

टाकी किंवा रिॲक्टरच्या आत जायचं असेल तर कार्ट्रिज अजिबात नको. २५ अंशांना बंद भांड्यात ३७,००० पीपीएमपर्यंत वाफ साठते. ती जीवघेणी आणि स्फोटक दोन्ही आहे. तिथे परवाना, आधी हवा काढणं, ऑक्सिजन आणि ज्वलनशीलतेची मोजणी, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि दारात थांबलेला माणूस, यांतलं एकही कमी असेल तर काम थांबवा.

हातमोज्यांत सगळ्यात जास्त फसवणूक होते. पातळ निळ्या नायट्राइल मोज्यातून टोल्युइन काही मिनिटांत पार होतं, रबरी मोजा तर त्याहून वाईट. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा मोजा टोल्युइनला चांगला टिकतो पण पाण्यात विरघळतो. व्हायटॉन दोन्हींना टिकतो, महाग आहे. हात टोल्युइनने धुण्याची सवय तर आजच बंद करा. गोंद काढायला साबण-तेलाची पेस्ट मिळते.

शरीरातली तपासणी

टोल्युइन शरीरात मुख्यतः हिप्पुरिक ॲसिड होऊन लघवीवाटे जातं. स्वस्त म्हणून अजूनही तीच चाचणी लिहिली जाते, पण ती भरवशाची नाही. सोडियम बेंझोएट घातलेलं बाटलीतलं लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक यांनीही हिप्पुरिक ॲसिड वाढतं. कमी पातळीच्या संपर्कात कारखान्यातलं काय आणि डब्यातलं काय हे वेगळं करता येत नाही. एसीजीआयएचच्या निर्देशांकांत शिफ्टच्या शेवटी लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल, ग्रॅम क्रिएटिनिनला ०.३ मिलिग्रॅम, आणि त्याच वेळचं लघवीतलं न बदललेलं टोल्युइन, लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, असे आहेत. सिगारेट-बिडीने क्रेसॉल वाढतं, म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ते विचारून लिहा. दारूमुळे टोल्युइनचं विघटन मंदावतं आणि ते रक्तात जास्त वेळ राहतं. हे कामगाराला उपदेश म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगा.

डॉक्टरांना डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड यांबरोबर रंगदृष्टी आणि कान तपासायला सांगा. टोल्युइन कानाच्या आतल्या पेशींना इजा करतं आणि गोंगाटाबरोबर ती इजा वाढते. कंप्रेसरजवळच्या टोल्युइनवाल्या माणसाची श्रवणचाचणी आवाजाची पातळी ‘मर्यादेत’ असली तरी करा.

कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-सी नुसार धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची नोकरीआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी करायची होती, आणि त्याच्या आरोग्याची नोंद त्याला बघायला मिळायला हवी होती. तोच किमान पाया धरा. ठेकेदाराच्या माणसांनाही हे लागू करा, कारण धुण्याचं काम तेच करतात. बेंझिन आणि त्याच्या कुळातल्या रसायनांची विषबाधा अधिसूचनीय रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, आणि टोल्युइन त्या कुळातलंच. डॉक्टरांनी निदान केलं तर कळवणं बंधनकारक आहे. ‘बाहेरच्या बाहेर मिटवू’ हा मार्ग कायद्यात नाही.

पुन्हा मोजणी कधी?

नवा गोंद, नवा पुरवठादार, वाढलेला वेग, हलवलेला हुड, बारा तासांची झालेली शिफ्ट, यांतलं काहीही झालं की पुन्हा मोजा. काहीच बदललं नाही तरी वर्षातून दोनदा मोजा: एकदा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा उष्म्याने टोल्युइन जास्त उडतं, आणि एकदा जुलैमध्ये, जेव्हा पाऊस आत येतो म्हणून खिडक्या आणि शटर बंद असतात. हिवाळ्यातल्या एका प्रसन्न सकाळी, सगळी दारं उघडून घेतलेला नमुना अहवालात दिसला तर तारीख, तापमान आणि दारांची स्थिती लिहिली आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या वेळी ते रकाने तुम्हीच छापून द्या, आणि अहवालाची एक प्रत मराठीत, कामगाराचं नाव वगळून पण कामाचं नाव ठेवून, जेवणाच्या जागी लावा. आकडा त्यांच्या श्वासाचा आहे, तो त्यांना वाचता आला पाहिजे.